झेंड्यांखालच्या दोन खुर्च्या

१

"तुमची तिकिटं तर गेली, बाई," खिडकीतला माणूस म्हणाला. "काल तुमच्या मुलीनं येऊन नेली."

वहिनींनी ओळखपत्र काचेखालून पुन्हा आत सरकवलं. त्यांना वाटलं, गडबडीत त्यानं दुसऱ्याच कुणाचं पाहिलं असेल. आमच्या मागची रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. दर वर्षी आमच्या रिंकवर फिगर स्केटिंगची मोठी स्पर्धा भरते, देशभरातून मुलंमुली येतात आणि तिकिटांसाठी लोक सकाळपासून पाय गोठवत उभे राहतात. क्लबच्या खेळाडूंच्या घरच्यांसाठी मात्र थोड्या जागा राखून ठेवलेल्या असतात. खेळाडूचं ओळखपत्र दाखवायचं आणि दोन तिकिटं घ्यायची. वहिनींच्या दोन खुर्च्या ठरलेल्या होत्या: घड्याळाखालचा कोपरा, पहिली ओळ.

"नीट बघा हो," मी म्हटलं. "ओळखपत्र तर आमच्या हातात आहे."

"कालही हेच होतं. हाच कोपरा दुमडलेला." त्यानं फोटोवर बोट ठेवलं. "आणि हीच मुलगी. निळा कोट, डोक्यावर कोटाची टोपी, नाकापर्यंत मफलर. मफलर खाली करा म्हटलं, तर केलं. डोळे, हनुवटी, सगळं हेच. मी फोटो बघितल्याशिवाय कुणाला देत नाही."

वहिनींनी खिडकीची कड धरली.

"ही मुलगी जाऊन वर्ष होत आलं," मी हळूच सांगितलं.

तो माणूस फक्त स्पर्धेपुरता नेमलेला, परगावचा. त्याला काय ठाऊक? त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि फोटोवरचं बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"मग माझ्याशी बोललं कोण?"

"काय बोलली?" वहिनींचा आवाज मला त्यांचा वाटला नाही.

"म्हणाली, घड्याळाखालच्या जागा नकोत, बदलून द्या. समोरच्या द्या, झेंड्यांखालच्या." त्यानं ओळखपत्र हळूच आमच्याकडे सरकवलं. "म्हणाली, आईला तिथून दिसेल."

२

नोकरीत असताना मी विम्याचे दावे तपासायचे. जळालेली दुकानं, हरवलेले दागिने, पाय घसरून पडलेली माणसं असं रोजचं काम होतं. लोक खोटं बोलतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा चुकीचं पाहतात, हे मी तिथं शिकले. म्हणून वहिनींना बाकावर बसवून मी पुन्हा खिडकीशी गेले.

"मफलर कसं गुंडाळलं होतं?"

"टोक असं पुढं सोडलेलं." त्यानं स्वतःच्या उजव्या खांद्याला हात लावला.

समोरून पाहणारा माणूस डावं-उजवं हटकून चुकवतो. समोरच्याचा डावा खांदा दाखवायला आपला उजवा चाचपतो. "नक्की कोणता? तिचा, की तुमच्या बाजूचा?"

तो विचारात पडला. मग बाहेर माझ्या उजव्या हाताच्या सूचनाफळ्याकडे त्यानं बोट केलं. "तिकिटं घेताना मफलरची झालर त्या फळ्याच्या खिळ्यात अडकली होती. सोडवून घेतली तिनं."

खिळ्याला करड्या लोकरीचा धागा होता. म्हणजे टोक तिच्या उजव्या खांद्यावरच होतं.

घरी आलो. वहिनी स्केटिंगचे पोशाख शिवतात. पुढची खोली मशीन, चमकत्या टिकल्या आणि अर्धवट बाह्यांनी भरलेली असते. माझा भाऊ बोटीवर, वर्षातला बराच काळ पाण्यावरच. थोरली गेल्यापासून मी इथं येऊन-जाऊन असते. सराव संपवून घरी येताना दाट धुक्यात एका गाडीनं तिला उडवलं होतं. त्याच आठवड्यात वहिनींनी धाकटीला समोर उभं केलं, तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझी शपथ आहे. बर्फावर पाऊल टाकशील तर आई मेली समज." धाकटी तेव्हा चौदाची. आमच्या घरात लहानपणापासून शपथेचा कायदा कडक आहे. जिनं घातली तिनं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. एरवी औषधाच्या गोळीसाठी घातलेल्या शपथेलाही "सुटली म्हण ना, सुटली म्हण ना" करत आईचा पदर न सोडणारी ही पोर. वर्षभरात तिनं एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

वहिनींनी कपाट उघडलं. निळा कोट जागेवर होता. करडं मफलर त्याच्याच खांद्यावर होतं, आणि झालरीतला एक धागा उसवलेला होता.

"बघा," वहिनी कुजबुजल्या.

भिंतीवर थोरलीचा फोटो होता. तोच कोट, तेच मफलर. टोक मात्र डाव्या खांद्यावर. ते माझ्या आधी वहिनींच्या ध्यानात आलं.

"वन्सं, आरशात डावं-उजवं बदलतं ना?" त्या म्हणाल्या. "पलीकडे गेलं की असंच दिसत असेल."

मी फोटोपासून मागे सरले. त्यांच्या डोळ्यांत मात्र भीती नव्हती. वर्षभरात पहिल्यांदा त्या हसत होत्या.

तेवढ्यात धाकटी अभ्यासिकेतून आली. चपला काढताना तिनं भिंतीचा आधार घेतला.

"पायाला काय झालं ग?"

"जिन्यात घसरले, आत्या. काही नाही." डाव्या कुल्ल्यावर हात दाबत ती खुर्चीत बसली.

"तुझी ताई आली होती," वहिनींनी तिला सांगितलं, पाहुणी येऊन गेल्याचं सांगावं तसं. "माझ्यासाठी जागा धरून गेली."

धाकटीच्या हातातून पाण्याचा पेला निसटला. "आई, असं नको ना बोलूस."

"का नको? ह्याच फरशीवर दोघी मोजे घालून घसरायच्या, समोरासमोर, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. किती भांडी पाडलीत! तिला विसरलीस होय?"

जेवायला बसताना वहिनींनी पाट मांडले. आम्ही तिघी होतो, पाट चार होते.

३

माझा पहिला संशय अगदी साधा होता. रिंकच्या दारात एक माणूस तिकिटं काळ्या बाजारात विकतो. त्याला सगळे 'दुप्पट' म्हणतात; स्वतःचं खरं नाव तोही विसरला असावा. राखीव जागा लंपास करण्यासाठी कुणा मुलीला नटवून पाठवणं त्याच्या हातचा मळ.

"या, मावशी!" त्यानं लांबूनच ओळखलं. "तुमच्यासाठी दीडपट."

"मला झेंड्यांखालच्या कोपऱ्यातल्या दोन हव्यात. पहिली ओळ."

तो इतक्या मनापासून हसला की माझा संशय तिथंच निम्मा झाला.

"अहो, तो कोपरा फुकट दिला तरी कुणी घेत नाही. मोठ्या उड्या सगळ्या घड्याळाखाली पडतात. पोरं तिकडूनच वळून येतात ना! माझं गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, घड्याळाखाली आहे का? झेंड्यांखाली बसलात तर पोरींच्या पाठी बघाल, पाठी."

"मग चांगली जागा देऊन कुणी ती का घेईल?"

"वेडा घेईल. चोर नाही घेणार." त्याच्या तोंडावरचं हसू विझलं. "तुम्ही त्या निळ्या कोटवालीचं विचारताय ना? खिडकीवाला सगळ्यांना सांगत सुटलाय. माझं ऐका, बर्फाचं यंत्र चालवणारा आहे ना, त्याला भेटा. आठवडाभर झाला, तो एकटा आत जात नाही. माणूस पाप्याचं पितर झालाय. आधी माझा सोबती दारात उभा करतो आणि मग दिवे लावतो."

"का? काय दिसतं त्याला?"

दुप्पटनं हातातली तिकिटं खिशात घातली. तिकिटाच्या भावाखेरीज इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणतो, ती अजून सराव करते. पण बर्फाच्या वरून नाही."

४

वहिनींना न सांगता जायचं मी ठरवलं होतं. उजाडता उजाडता दार उघडलं तर त्या शाल पांघरून पायरीवर उभ्या. दुप्पटनं त्यांना गाठलं असावं, नाहीतर खिडकीवाल्यानं. सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मला नको म्हणता आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

रिंकमध्ये नुसती थंडी नव्हती, एक प्रकारचं थबकलेपण होतं. रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी काळोखात वर वर जात होत्या. एका टोकाला घड्याळ, समोरच्या टोकाला झेंडे. यंत्रवाला दारातच हात चोळत उभा होता. मी बोलत नाही म्हटल्यावर तो बोलत सुटला; गप्प माणसापुढं लोक सगळं ओततात.

"रात्री मी बर्फ आरशासारखा करून जातो, ताई. सकाळी येतो तर हे असं. कोचबाईंना विचारलं तर म्हणतात, आमचा सराव असतो, तू आपलं घास. सराव मी बघितलेत हो! पण हे वेगळंय. बघा तुम्हीच."

त्यानं दिवे लावले.

पांढऱ्या बर्फावर पात्यांच्या रेघा होत्या. एक लांब वळसा, मग तीन छोटी गोल वळणं, मग मागे मागे जाणारी नागमोडी रेघ, आणि शेवटी पात्याच्या पुढच्या दातांनी पाडलेला खळगा, जिथून उडी घेतली तो. तिथून पुढे बर्फावर एक लांबलचक खरवडलेली जागा होती, कुणीतरी पडून घसरत गेल्यासारखी.

"हे तुमच्या थोरल्या पोरीचं," तो वहिनींना म्हणाला. "तिचा शेवटचा नाच. दोन वर्षं रोज तिच्या ह्याच रेघा मी पुसल्यात. डोळे मिटून काढून दाखवीन. पण ती त्या दारातून शिरायची आणि घड्याळाखाली उडी मारायची. हे सगळं उलटं आहे. समोरच्या बाजूनं शिरलंय, उलटं वळलंय, आणि उडी झेंड्यांखाली." त्यानं पालथा तळवा उलटा करून दाखवला. "पारदर्शक कागदावर चित्र काढून मागून बघावं, तसं. ताई, हे वरून कुणी काढलेलं नाही. बर्फाच्या खालून, डोकं खाली, पाय वर करून कुणी नाचलं, तर वरून असं दिसेल."

छतातून कुठंतरी पाण्याचा थेंब टपकत होता.

वहिनी कठड्याचं दार उघडून बर्फावर गुडघे टेकून बसल्या. त्या खळग्यावर त्यांनी तळवा ठेवला, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"थंडी वाजते का ग?" त्यांनी बर्फाला विचारलं.

मी जप मनातच पुरा केला. कधी नव्हे तो घाईनं. "वहिनी, उठा."

"वन्सं, ती मला बोलावतेय." त्यांनी वर पाहिलं. चेहरा शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली. "तिथं बसायला सांगितलंय ना तिनं? बसेन. आणि स्पर्धा संपली, लोक गेले, की तिच्याकडे जाईन. मग परत काय यायचं?"

५

आता हा तिकिटांचा मामला राहिला नव्हता. स्पर्धा दोन दिवसांवर आली होती, आणि ती मुलगी कोण, हे शोधून काढायला मला तेवढाच वेळ होता.

कोचबाई म्हणजे सरळ पाठीची, कमी बोलणारी बाई. पोरी त्यांना मागे 'फूटपट्टी' म्हणतात. खोलीत ओले बूट वाळत टांगलेले, भिंतीवर शिट्टी. मी आत गेले तेव्हा त्यांनी टेबलावरची स्पर्धेची पत्रिका उलटी करून ठेवली. उशीर झाला होता. पहिल्या पानावरची ओळ मी वाचली होती: शेवटच्या फेरीआधी यजमान क्लबतर्फे एक सादरीकरण. नाव दिलेलं नव्हतं.

"पहाटे बर्फावर कोण असतं?" मी विचारलं.

"माझ्या मुली."

"थोरलीचा नाच कोण करतंय?"

"तो कुणालाच करता येणार नाही."

"उलटा तरी?"

त्यांनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. "तुम्हाला ह्यातलं माहीत नाही म्हणून सांगते. स्केटिंग करणारं मूल एकाच बाजूला वळून उडी घेतं, जन्मभर. आमच्याकडची जवळजवळ सगळी डावीकडे वळतात. लहानपणी जी बाजू अंगात बसली ती बसली. मोठेपणी कुणी ठरवून बदलू म्हणेल तर हाडं मोडून घेईल."

"म्हणजे थोरलीवर जळणारी एखादी, तिची टिंगल करायला म्हणून उलटं नाचेल, तर?"

"पहिल्याच उडीत दवाखान्यात जाईल."

"तुमच्या क्लबात उजवीकडे वळणारी कोण आहे?"

"माझ्या क्लबात कुणी नाही," त्या लगेच म्हणाल्या. 'क्लबात' ह्या शब्दावर त्यांनी जरा जास्तच भर दिला. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं खऱ्यालाच असं घट्ट धरतात.

मी उठले. दारापाशी थांबून विचारलं, "पडलं तर कुठं लागतं हो?"

"डावीकडे वळणाऱ्या उजव्या पायावर उतरतात, उजव्या बाजूवर पडतात. त्यांचे उजवे कुल्ले कायम काळेनिळे." त्या थांबल्या. मी काय विचारलं हे त्यांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला.

"आणि उजवीकडे वळणाऱ्या?"

कोचबाईंनी टेबलावरची उलटी पत्रिका ड्रॉवरमध्ये टाकली. मला उत्तराची गरज उरली नव्हती.

६

धाकटी खिडकीपाशी वही उघडून बसली होती. बराच वेळ पान उलटलेलं नव्हतं. आतल्या खोलीत वहिनींची मशीन चालू होती. थोरलीच्या निळ्या पोशाखाची उसवलेली शिवण त्या पुन्हा घालत होत्या. तिला त्या दिवशी लागेल म्हणून.

मी कपाटातून करडं मफलर आणलं. "बाळ, थंडी फार आहे. ताई गुंडाळायची तसं मला गुंडाळून दे बरं."

ती माझ्यासमोर उभी राहिली. एक वेढा, दुसरा वेढा, मग गाठ.

"मला नको, स्वतःला घालून दाखव. मी बघून शिकते."

तिनं स्वतःच्या गळ्यात घातलं. हात सवयीनं चालले. टोक उजव्या खांद्यावरून पुढं आलं.

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

"ताईचं टोक डावीकडे आहे ग," मी म्हटलं. "तुझं असं कसं?"

"ताईनं मला समोर उभं राहून शिकवलं. मी तिच्याकडे बघून तसंच करायचे. तिचं डावं ते माझ्या..."

ती थबकली.

"...उजवीकडे," मी वाक्य पुरं केलं. "मफलरही तसंच, आणि ह्या फरशीवरचा नाचही. दोघी मोजे घालून, समोरासमोर. ती डावीकडे वळली की तू आरशासारखी उजवीकडे. पुढं बर्फावरही तिनं तुला असंच शिकवलं असणार, हात धरून, स्वतः मागे मागे जात. बर्फाखाली कुणी नाही. बर्फावर तूच आहेस, आणि तू तुझी ताई आरशात बघून शिकलीस. म्हणून तुझी उडी झेंड्यांखाली पडते. म्हणून आईला तिथून दिसेल."

तिनं मफलरमध्ये तोंड खुपसलं. आतून मशीनचा आवाज येत राहिला.

"कोचबाईंनीच विचारलं," ती शेवटी म्हणाली. "ताईच्या आठवणीसाठी एक नाच ठेवलाय. तो पूर्ण कुणाला येत नव्हता, मला येत होता. आईशी बोलते, असं मी त्यांना सांगितलं. बोलले नाही. अभ्यासिकेत जाते म्हणून रोज पहाटे निघायचे. मला वाटलं, आईनं फक्त समोर बसावं. मी चांगली उतरले, की ती आपण होऊन..." तिनं गळ्यातलं मफलर सोडवलं. "ओळखपत्र ड्रॉवरमधून घेतलं, तिकिटं घेतली, परत ठेवलं. खिडकीवाल्यानं फोटो बघितला असता म्हणून कोट घातला. तेवढंच, आत्या. भूत व्हायचं नव्हतं मला."

"मग घरी आल्यावर का नाही सांगितलंस?"

"आई हसत होती." तिचे डोळे भरले. "वर्षानं हसत होती. ताई आली म्हणून. तिला कसं सांगू, ताई नाही, मीच आहे? नुसती मीच. तीसुद्धा शपथ मोडलेली."

मी माझी व्रतं कधी मोडलेली नाहीत. त्यामुळे मोडणाऱ्यांविषयी माझं मत जरा ताठ असतं. त्या दिवशी ते ताठ राहिलं नाही. धाकटी रोज पहाटे बर्फावर पडत होती, उठत होती, आणि मनातून दर वेळी आईला मारत होती. एवढं ओझं घेऊन कुणाची उडी नीट उतरेल? ती खरवड मला आठवली.

"उडी उतरते का?"

तिनं मान हलवली. "एकदाही नाही."

"तिकिटं दे इकडे."

"सांगणार तिला?"

शपथ घालणारीच ती सोडवू शकते. मधल्यानं त्यात हात घालू नये. पण खोटंही बोलू नये. मी आत गेले आणि दोन्ही तिकिटं वहिनींच्या मशीनवर ठेवली.

"जिनं नेली होती, तिनंच दिलीत," मी म्हटलं. "तिनं बोलावलंय. पण वहिनी, मला एक वचन द्या. तिचा नाच डोळे उघडे ठेवून बघायचा, शेवटपर्यंत."

त्यांनी तिकिटं कपाळाला लावली. "माझं दुसरं काय काम आहे, वन्सं?"

७

माझं स्वतःचं तिकीट मी दुप्पटकडून घेतलं, वहिनींच्या बरोबर मागच्या खुर्चीचं. "झेंड्यांखालचं विकलं गेलं म्हणून आज मी पेढे वाटणार," तो म्हणाला. मग आवाज उतरवून, "ती येणारे का हो?"

"येणार आहे."

तो दोन पावलं मागे सरकला.

वहिनींनी शेजारच्या खुर्चीवर निळा कोट ठेवला, त्याच्या खांद्यावर करडं मफलर. कोटाच्या बाह्या मांडीवर हात घेऊन बसल्यासारख्या जुळवल्या. घरून निघण्याआधी शिवून इस्त्री केलेला पोशाख त्यांनी कपाटाबाहेर टांगून ठेवला होता. आम्ही निघालो तेव्हा तो तिथं नव्हता. वहिनींनी रिकाम्या हँगरकडे पाहिलं होतं आणि समाधानानं मान डोलावली होती. धाकटी अभ्यासिकेत आहे, असं त्यांना वाटत होतं. माझा हात पूर्ण वेळ त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता. वेळ आली तर धरायला.

शेवटच्या फेरीआधी दिवे मंद झाले. नाव पुकारलं नाही. थोरलीचं संगीत सुरू झालं आणि सगळ्या सभागृहाचा श्वास एकदम थांबल्यासारखा झाला. निळ्या पोशाखातली मुलगी बर्फावर आली.

"आली," वहिनी पुटपुटल्या. त्या उठून कठड्याला टेकल्या. कठड्याच्या दाराच्या कडीवर त्यांचा हात होता. मीही उठले.

लांब वळसा. तीन छोटी वळणं.

दुसऱ्या वळणावर वहिनींची मान थोडी कलली. शिवणारणीची नजर, कापड उलटं लागलं की कळतंच. त्यांनी उजवा हात हवेत फिरवला, मग डावा. ओठ हलत होते, जणू जुनी काही आठवण मोजून पाहत होत्या. मग त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना फरशी दिसली, मोजे दिसले, पडलेली भांडी दिसली.

"वन्सं, ही तर..."

"बघा. वचन दिलंय."

वर्षभरात त्यांनी हिच्याकडे पाहिलंच नव्हतं, सरळ. आता पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून थोरली दुसऱ्यांदा निघून गेली. ते पाहणं सोपं नव्हतं. मला वाटलं, आता ह्या बसतील, किंवा निघून जातील, किंवा ओरडतील, आणि त्या पोरीचं उरलेलं सगळं आयुष्य इथंच, ह्या बर्फावर पडून राहील.

धाकटी मागे मागे येत होती, नागमोडी, सरळ आमच्याच दिशेनं. मान वळवून तिनं कोपऱ्याकडे एक नजर टाकली. तिला आई उभी दिसली, कडीवर हात ठेवलेली. तेवढ्यानं पाऊल चुकलं. दात बर्फात रुतले, उडी उठली आणि हवेतच विस्कटली. डाव्या बाजूवर आपटून ती घसरत आली, थेट कठड्यापर्यंत. आमच्यापासून हातभर अंतरावर.

संगीत चालू राहिलं. ती उठेना. बर्फावर गाल टेकून ती वर आईकडे पाहत होती, नि तिचे ओठ हलत होते. मला ऐकू आलं नाही, पण वर्षभर न बोललेलं ते वाक्य मला पाठ होतं. लहानपणी पदर धरून म्हणायची तेच.

वहिनींनी कडीवरचा हात काढला. कठड्यावरून कमरेत वाकून त्यांनी दोन्ही हात खाली सोडले. पोचत नव्हते, तरी सोडले.

"सुटली!" त्या ओरडल्या. मशीनच्या आवाजात आयुष्य काढलेल्या बाईचा तो आवाज पार घड्याळापर्यंत गेला. "सुटली ग, बाळ, सुटली! ऊठ! संगीत चाललंय, ऊठ की!"

धाकटी उठली. अंगावरचा बर्फ न झटकता ती परत मागे गेली, वळसा घेतला, उजवीकडे वळली, आणि पुन्हा आमच्याच कोपऱ्याकडे आली. ह्या वेळी तिनं कोपऱ्याकडे पाहिलं नाही. उडीनंतर पातं बर्फावर उतरलं तेव्हा फक्त एक बारीक 'खर्र' आवाज आला, कापडावरून कात्री जावी तसा.

टाळ्यांचा आवाज पुष्कळ वेळ थांबला नाही. वहिनी टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलला, बाह्या सोडवल्या, आणि कठड्याशी येऊन थरथरत उभ्या राहिलेल्या मुलीच्या खांद्यावर टाकला.

"घाल," त्या म्हणाल्या. "घामात थंडी बाधते."

मग मफलर तिच्या गळ्यात गुंडाळलं, आणि टोक नीट पाहून तिच्या उजव्या खांद्यावर सोडलं.